आमचा खेकडा पडत नाही

परवा एका मुलाचा फोन आला. जुन्या टीव्ही मालिकांवर काहीतरी लिहितो म्हणाला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. "मॅडम, खाडीतल्या प्राण्यांची ती कार्टून मालिका होती ना, तिचं रंगकाम तुम्ही करायचात. ती आता क्लासिक मानतात, माहितीय?" मी म्हटलं, मानू देत, आमची काय हरकत. मग त्यानं विचारलं, "त्यातला तो खेकडा कुठल्या फॉरेनच्या कार्टूनवरून घेतला होता?"

फोनवर होता म्हणून वाचला. समोर असता तर ब्रश फेकून मारला असता. "अरे बाबा," मी म्हटलं, "फॉरेनचा कसला? दिघ्याचा आहे तो. आणि बगळा वाशीच्या सोसायटीचा सेक्रेटरी, निवटी म्हणजे खाडीकाठच्या गावातली मासेवाली, आणि बदक आमच्या चौकीचा हवालदार. वही आहे ना हाताशी? लिही."

तासभर त्याला सोडला नाही. पण ही पोरं एवढं ऐकून शेवटी दोन ओळी छापतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

ज्यांनी ती मालिका काढली त्यांना आम्ही काका म्हणायचो. नाव होतं, दारावर पाटीसुद्धा होती, पण ती फक्त पोस्टमनच्या उपयोगाची. वाशी तेव्हा अर्धी बांधलेली आणि अर्धी चिखल. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात एका खोलीत छताकडून खाली बघणारा कॅमेरा, दुसऱ्या खोलीत खालून ट्यूबलाइट लावलेली काचेची टेबलं, आणि स्वयंपाकघरात काका झोपायचे. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं. काम चालू होतं."

आधी ते सरकारी खात्यात चित्रपट काढायचे. लस टोचून घ्या, पाणी उकळून प्या, असले. ते सोडलं. का सोडलं विचारलं तर सांगायचे, "प्रत्येक सिनेमात बाई एकच. मी फक्त लुगड्याचा रंग बदलायचा. कोकणातली तीच, विदर्भातली तीच. एवढ्या मोठ्या राज्यात एकच बाई राहते की काय?" आणि हे सांगताना त्यांना खरंच राग यायचा, अजून, इतक्या वर्षांनी.

त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीला, अगदी जमिनीला टेकून, एक लांबट आरसा लावलेला होता. काका दाराकडे पाठ करून चित्रं काढायचे. कोण आलं ते त्यांना आरशात दिसायचं, पण फक्त घोट्यापर्यंत. त्यांना तेवढं पुरायचं. "फरफट आला, दूध घ्या," असं मागे न बघता सांगायचे. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात टिकत नसत. पण चाल एकदा पाहिली की विसरायचे नाहीत. म्हणून कुणी फरफट, कुणी टकटक, कुणी घाई. "तोंडाला अभिनय येतो," ते म्हणायचे. "टाचेला येत नाही. म्हणून मी टाचेला विचारतो."

माझा इंटरव्ह्यू सांगते. मी दहावी झालेली, ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा पास. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबांबरोबर दिघ्याहून बसनं आले. चित्र रंगवायला मुली पाहिजेत, असं कुणाकडून तरी कळलं होतं. बाबा बाहेर पायरीवर बसले. काकांनी सर्टिफिकेट हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "बस स्टॉपपर्यंत जाऊन ये."

"काय आणायचंय?"

"काही नाही. नुसतं जा आणि ये."

मला असा संताप आला! गेले तरातरा, आले तरातरा. काका खिडकीत उभे होते. "हं. तू पट्टी," म्हणाले. "सरळ रेघ मारतेस. सोमवारपासून ये." बाहेर येऊन बाबांना सांगितलं की नोकरी लागली, पण फक्त चालून दाखवायला सांगितलं. बाबांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "डोकं ठिकानावर हाय ना त्याचं?"

खरं सांगू, सहा महिने मलाही शंका होती.

आम्ही चार मुली होतो. काका आणि त्यांचे दोन मदतनीस कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढायचे. एक पाऊल उचलून टाकायला दहा-बारा चित्रं. मग ती पारदर्शक शीटवर शाईनं उतरवायची, शीटला सेल म्हणायचे, आणि आम्ही ती उलटी करून मागून रंग भरायचा. हातात पांढरे सुती मोजे, कारण बोटाचा ठसा उमटला की शीट गेली. पंखा बंद, कारण धूळ. मे महिन्यात घामाचा थेंब शीटवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून बसायचो. कुणी आलं की म्हणायचं, इथे सगळ्यांचं डोकं दुखतंय का?

आता काकांची खरी खोड सांगते. ते मनानं कुठलंच पात्र काढायचे नाहीत. खाडीतले प्राणी घ्यायचे हे ठरलं होतं, पण त्या प्राण्याला चाल हवी ती जिवंत माणसाची. आधी माणूस शोधायचा. मग त्याच्या मागे मागे दिवसचे दिवस हिंडायचं. मग चित्रं काढायची. आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाला घरी बोलवून, चहा देऊन, ती चाल भिंतीवर पडद्यावर दाखवायची आणि चित्राच्या मागे लिहून घ्यायचं: "ही चाल माझी आहे. वापरायला हरकत नाही." खाली सही, नाहीतर अंगठा. हरकत असली तर काय करायचं? तर ते पात्र फेकायचं. "अहो, कोण ओळखणार आहे?" मी एकदा म्हटलं. "तो स्वतः ओळखेल ना," काका म्हणाले. "माणसाच्या खिशातलं घेतलं तर विचारतो, मग पायातलं घेतलं तर नको विचारायला?"

मागे हिंडण्याचा हा प्रकार एकदा चौकीपर्यंत गेला. बँकेच्या एका कॅशियरची चाल त्यांना बदकासाठी हवी होती. तीन दिवस त्याच्या मागे. बँक ते घर, घर ते बँक. चौथ्या दिवशी कॅशियरनं आरडाओरडा केला आणि लोकांनी काकांना धरून चौकीवर नेलं. आम्हाला कळलं तशी मी आणि आमच्यातली एक मुलगी धावत गेलो. बघतो तर काका बाकावर बसून चौकीच्याच कागदावर चित्रं काढतायत आणि तीन पोलीस त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतायत. मधोमध तो हवालदार, पोट पुढे आणि पाय मागून येणारा.

"हा मी?" हवालदार विचारत होता.

"तुम्हीच."

"मी एवढा डुलतो?"

"साहेब, याहून जास्त," मागचा शिपाई म्हणाला, आणि मग सगळ्यांनी त्याला दोनदा चालून दाखवायला लावलं. कॅशियर राहिला बाजूला, बदक हवालदाराचं झालं. त्यानं सही दिली, पण अट घातली की बदकाला कमरेचा पट्टा पाहिजे. म्हणून आमच्या बदकाला पट्टा आहे. लोक विचारतात यामागे काय विचार होता. हा विचार होता!

मासेवालीचं तर वेगळंच. ती डोक्यावर पाटी घेऊन दाराशी यायची. तिचे गुडघे कायम किंचित वाकलेले, कारण लहानपणापासून खाडीच्या चिखलात चाललेली. काकांनी तिची निवटी केली. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो बटबटीत डोळ्यांचा मासा. आम्हाला धडकी, की बाई आता कोयत्यानं सोलते. तिनं पडद्यावर पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बरी हाय की! पन अशी उघरी का? डोल्यांना काजल घाल तिच्या." काजळ घातलं. तिनं अंगठा दिला आणि जाताना वाटा कोळंबी ठेवून गेली.

आणि सेक्रेटरी! पायजमा वर धरून, मान ताणून, एकेक पाय उचलून डबकी टाळणारा. बगळा म्हणजे बगळाच. आधी त्यानं सोसायटीत धंदा करायला मनाई असल्याची नोटीस पाठवली होती. स्वतःला पडद्यावर पाहिल्यावर नोटीस मागे घेतली, पण म्हणाला, "मी शाकाहारी आहे. माझा बगळा मासा खाणार नाही." काकांनी दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं. मालिकाभर आमचा बगळा ताक पितो. पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडलं.

तर आता खेकडा.

माझे बाबा मराठवाड्यातून आले. ठाण्याकडून बेलापूरकडे कारखान्यांची जी रांग आहे, त्यातल्या एका केमिकलच्या कंपनीत कामाला. मी लहान असताना तिथे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली भाजला. बरा झाला, पण टाच टेकेना. तेव्हापासून ते तिरके चालायचे. डावा पाय पुढे, अंग आडवं, मग उजवा पाय गोल फिरवून आणायचा. वस्तीतली पोरं मागून तसं चालून दाखवायची. बाबांना ते कळायचं. ते कुणाला काही बोलायचे नाहीत, पण लग्नाला जायचं असलं तर सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्ची धरून बसायचे आणि सगळे गेल्यावर उठायचे. दर शनिवारी मला न्यायला वाशीला यायचे ते पायरीवर बसायचे, आत यायचे नाहीत. काका त्यांना पायरीवरच चहा द्यायचे. मला वाटायचं, किती चांगला माणूस आहे.

दोन महिने मी खेकडा रंगवत होते. नारिंगी अंग, विटकरी नांग्या. शेकडो शीट. आणि मला कळलं नाही. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण आमच्या धंद्यात हे असंच असतं. एका चित्रात चाल नसते. आम्हाला एकेक सुटी शीट मिळायची, तीही क्रम सोडून, रंगाच्या सोयीनं. माझ्या हाताखालून माझे बाबा शेकडो वेळा गेले आणि मी त्यांच्यात नारिंगी रंग भरत बसले.

मग पहिल्या दोन मिनिटांची फिल्म धुऊन आली. काकांनी भिंतीवर चादर लावून दाखवलं. बांधावरून खेकडा चढतोय, तिरका, एक पाय गोल फिरवून, आणि वर पोचता पोचता घसरून धपकन चिखलात. आम्ही हसलो. मी हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं.

मी दिवा लावला. रीळ फिरतच होतं. "सगळ्यांच्या सह्या घेता," मी ओरडले, "हवालदाराची घेता, मासेवालीचा अंगठा घेता. माझ्या बापाची का नाही घेतली? गरीब आहे म्हणून? बोलत नाही म्हणून?"

काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "विचारायची भीती वाटली. नाही म्हणतील असं वाटलं. चार शनिवार चहा घेऊन बाहेर गेलो आणि चहा देऊन परत आलो." मग म्हणाले, "इतकी चांगली चाल मी जन्मात पाहिली नाही, पट्टी. मला सोडवेना." तोपर्यंत टीव्हीवाल्यांना ते दोन मिनिटांचं काम दाखवून झालं होतं, हेही तेव्हाच कळलं. तिथल्या साहेबांना तो पडायचा सीन फार आवडला होता. त्याच्यावरच तेरा भागांचं तोंडी नक्की झालं होतं.

पुढच्या शनिवारी काका पायरीवर गेले आणि बाबांना आत घेऊन आले. मला सांगितलं, "तू एक शब्द बोलू नकोस. चोरी माझी आहे." बाबांना खुर्ची दिली, दिवा घालवला, दाखवलं. खेकडा चढला, पडला. खोलीत कुणी हसलं नाही.

"परत लावा," बाबा म्हणाले. परत लावलं. मग दिवा लागला.

"ही हसायची गोष्ट हाय का?" बाबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "लोकानी हसावं म्हणून आमची मानसं गावात लई नाचली. मपल्या बापापोत्तर नाचली. म्या गाव सोडलं ते काय हे बघायला?"

काका म्हणाले, "तुम्ही नाही म्हणा. मी हे सगळं आत्ता पुसतो." नुसतं म्हणाले नाहीत. कोपऱ्यातली पाण्याची बादली पुढे ओढली. शीट महाग, म्हणून शूटिंग झालं की त्या धुऊन परत वापरायचो. खेकड्याच्या राहिलेल्या शीट अजून कॅमेऱ्याखाली जायच्या होत्या. काकांनी त्यातली वरची घेतली, ओला बोळा फिरवला, आणि नारिंगी रंग पाण्यात उतरला. दुसरी घेतली. मला रडू यायला लागलं. बाबांसाठी की रंगासाठी, देव जाणे.

"हे रंगवलं कुनी?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या मुलीनं."

"समदं?"

"सगळं. दोन महिने."

बाबांनी तिसरी शीट काकांच्या हातातून काढून घेतली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "हे चुकलंय."

"काय चुकलंय?" काकांनी बोळा खाली टाकला.

"पडतो तिथं. म्या पडत न्हाई. इतकी वर्सं झाली, कंपनीच्या लोखंडी जिन्यावरून खाली-वर करतो, पावसाळ्यात करतो. येक डाव पडलो न्हाई. धट्टीकट्टी पडली, म्या न्हाई पडलो. चढताना म्या भार हिकडं घेतो. तुमी तिकडं दिलाय. मंग पडंलच की तो!"

आणि माझे बाबा, लग्नात खुर्चीतून न उठणारे माझे बाबा, तीन परक्या मुलींसमोर उठले आणि त्या खोलीत चालायला लागले. काका जमिनीवर आडवे झाले. फरशीला गाल टेकवून, कागद पुढ्यात घेऊन, टाचेच्या उंचीवरून बघत चित्रं काढायला लागले. "परत. भार कुठे घेतलात? परत." बाबा परत चालायचे. दोघांना चहाची शुद्ध राहिली नाही. शेवटी बाबांनी सही केली आणि दोन अटी सांगितल्या. एक, खेकडा पडायचा नाही. कधीच नाही. दुसरी, ही चाल कुणाची हे कुणालाही सांगायचं नाही.

काकांनी दोन्ही अटी चित्रामागे लिहून खाली स्वतःचीही सही केली.

मग आली खरी परीक्षा. टीव्हीच्या ऑफिसात पूर्ण भाग दाखवायचा होता. काका साहेबलोकांसमोर गेले की गप्प व्हायचे, घाम पुसत बसायचे, म्हणून रिळांचे डबे घेऊन मी बरोबर गेले. भाग संपला. साहेब म्हणाले, "पडायचा सीन कुठे गेला?"

"काढला," काका म्हणाले.

"का? तोच तर बेस्ट होता!"

"तो पडत नाही."

"अहो, कार्टून आहे. कार्टूनमध्ये सगळे पडतात."

"हा पडत नाही. मी विचारलंय."

"कुणाला विचारलंय? खेकड्याला?" साहेब हसले. काका हसले नाहीत. साहेबांनी फाइल मिटली. म्हणाले, सीन परत घाला, मग बघू. नाहीतर मालिका राहू दे.

नंतरचे आठवडे वाईट गेले. दोन मुली काम सोडून गेल्या. रंग सुकून बाटल्यांत घट्ट झाले. काकांचा सगळा जन्म त्या खोलीत लागलेला, आणि तो एका धपकन पडण्यावर अडलेला. आणि मी, मी काय केलं ते लिहिलंच पाहिजे. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "काका, घाला ना तो सीन. आमच्या घरी कुठे टीव्ही आहे? बाबांना कोण सांगायला जातंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते सहसा माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. म्हणाले, "पट्टी, आज तू वाकडी चाललीस." आणि परत टेबलाकडे वळले. मला कुणी कानफटात मारलं असतं तरी परवडलं असतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते भल्या सकाळी सेक्रेटरीच्या दारात उभे. "तुम्हाला पाडू का?"

"म्हणजे?"

"बांधावरून. चिखलात. तुमच्या बगळ्याला."

सेक्रेटरीनं कमिटीची बैठक घेतो म्हणून सांगितलं, आणि शेवटी लिहून दिलं: 'दोन वेळा पडण्यास हरकत नाही. तिसऱ्या वेळेस पूर्वपरवानगी घ्यावी.' हवालदार म्हणाला, पाडा, पण पट्टा सुटता कामा नये. मासेवाली म्हणाली, "पार ना! चिखलान परन्याची माना कसली लाज? पन काजल पुसू नको तिचा." अशा नव्यानं सगळ्या सह्या घेऊन काका घरी आले आणि कामाला लागले. भरतीचं पाणी बांध फोडतंय, सगळ्यांना पलीकडे जायचंय, आणि सगळे पडतायत. बगळा मान वर ठेवून पडतो. बदक पट्टा धरून पडतं. निवटी तर हौसेनं पडते. आणि त्यांच्यामधून खेकडा तिरका, भार इकडे घेऊन, एक पाय गोल फिरवत, कुणाकडे न बघता वर जातो. आणि मग नांगी खाली करतो आणि एकेकाला वर ओढतो, उरलेल्यांसाठी खाली उतरून पुन्हा चढतो. त्या खेकड्याची एकेक शीट मी रंगवली, एकटीनं. हात भरून यायचा तरी दुसरीला ब्रश दिला नाही.

साहेबांनी तो भाग पाहिला. पहिल्यांदा खेकडा न पडता वर गेला तेव्हा ते वाट बघत होते. दुसऱ्यांदाही वाट बघत होते. तिसऱ्यांदा ते टेबलावर हात आपटून हसायला लागले. "अरे, हा पडतच नाही!" म्हणाले. काका म्हणाले, "तेच सांगत होतो." तिथल्या तिथे मालिका पास झाली. मला तेव्हा कळलं की हा घाम पुसत बसणारा माणूस किती चिवट आहे, आणि आपण त्याच्या हाताखाली काम करतो याचा मला जो गर्व वाटला तो अजून उतरलेला नाही.

पुढे काकांनी आणखी दोन-तीन कामं केली, पण एवढं गाजलं नाही. म्हातारपणी डोळे गेले तरी पायांच्या आवाजावरून ओळखायचे. मी भेटायला गेले की पायरीपाशीच हाक ऐकू यायची, "पट्टी, ये." आता ते नाहीत. बाबाही नाहीत. म्हणूनच हे लिहिता येतंय, असं कुणी म्हणेल. पण तसं नाही. ते गुपित बाबांनी स्वतःच फोडलं. ते कसं, तेवढं सांगते.

बांधाचा भाग रविवारी सकाळी लागायचा होता. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून एक रंगीत टीव्ही होता. हवालदार ड्रेसवर आला. मासेवाली घरच्या चार बाया घेऊन आली. मी बाबांना दिघ्याहून आणलं आणि ते शेवटच्या रांगेत भिंतीशी बसले. काका टीव्हीच्या शेजारी, टीव्हीकडे पाठ करून उभे. त्यांना चित्र बघायचं नव्हतं, बघणारे बघायचे होते.

बगळा पडला, हॉल हसला. बदक पडलं, हवालदार स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसला. मग खेकडा आला. पुढे बसलेली पोरं हसायला लागली. मी बाबांकडे बघितलं नाही, धीरच झाला नाही. खेकडा चढायला लागला तशी पोरं गप्प झाली. वर पोचला आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. त्यानं नांगी खाली करून बगळ्याला ओढून घेतला तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली होती.

भाग संपला. सेक्रेटरी उठला. "ते सगळं ठीक आहे," म्हणाला, "मी पडलो, हे हवालदारसाहेब पडले, या बाई पडल्या. पण हा न पडणारा कोण आहे? त्याचं नाव कळू द्या की!"

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी मान हलवली. "सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"अहो, आता काय लपवायचं?"

"नाही."

मी खाली फरशीकडे बघत होते. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. एक टेकलेलं, एक गोल फिरवून आणलेलं. बाबा भिंतीपासून निघाले आणि सगळ्या हॉलच्या मधून, सावकाश, टीव्हीपर्यंत चालत गेले. कुणी काही बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना दिसत होतं. काका त्यांच्या पायांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते.

"ती मपली चाल हाय," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट.